पुसलेल्या नावाचे मंदिर : देर अल-बहरीच्या जीर्णोद्धाराची कथा

इजिप्त म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम पिरॅमिड उभे राहतात. परंतु त्या देशाचे खरे वैभव पाहावयाचे असेल तर कैरोपासून दूर दक्षिणेला, नाईल नदीच्या काठी वसलेल्या लक्सर या गावी जावे लागते. प्राचीन काळी येथे थीब्ज ही राजधानी होती. नदीच्या पूर्वतीरावर देवांची मंदिरे आणि जिवंतांची वस्ती, तर पश्चिमतीरावर राजांच्या समाध्या व त्यांच्या स्मरणार्थ बांधलेली देवालये, अशी त्या नगरीची विभागणी होती. या पश्चिमतीरावर, उभ्या कातळकड्याच्या पायथ्याशी, एकावर एक अशा तीन प्रशस्त सज्ज्यांचे एक मंदिर आहे. त्या स्थळाला आज देर अल-बहरी म्हणतात. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी हत्शेपसुत नावाच्या राणीने ते बांधले. ज्यांनी ते पाहिले त्यांना कड्यातूनच ते घडले असावे असा भास होतो.

या मंदिराची कथा मात्र केवळ बांधणाऱ्यांची नाही. ज्यांनी ते पुसले त्यांची, ज्यांनी ते उकरले त्यांची आणि ज्यांनी दगडाला दगड जुळवून ते पुन्हा उभे केले त्यांचीही ती कथा आहे. जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे काय, तो कोठवर करावा आणि कोठे थांबावे, याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती जाणून घ्यावी अशी आहे.

राणी झाली राजा

हत्शेपसुत ही इजिप्तच्या अठराव्या राजवंशातील पहिल्या थुतमोस राजाची कन्या. तत्कालीन राजघराण्याच्या रिवाजानुसार तिचा विवाह सावत्र भाऊ दुसरा थुतमोस याच्याशी झाला. तो निवर्तला तेव्हा गादीचा वारस, तिचा सावत्र पुत्र तिसरा थुतमोस, अगदी लहान होता. प्रारंभी राणीने त्याच्या वतीने कारभार पाहिला. परंतु पुढे, सातव्या राज्यवर्षाच्या सुमारास, तिने स्वतःच फेरोची सर्व बिरुदे धारण केली. इ.स.पू. १४७९ ते १४५८ असा सुमारे दोन दशकांचा हा काळ मानला जातो.

राजा म्हणजे पुरुष, ही कल्पना त्या समाजात इतकी रुजलेली होती की शिल्पकारांनी हळूहळू राणीला पुरुषवेषातच दाखवावयास प्रारंभ केला. मस्तकी राजवस्त्र, कमरेला आखूड धोतर आणि हनुवटीला कृत्रिम दाढी! लेखांत मात्र अनेक ठिकाणी तिच्यासाठी स्त्रीलिंगी रूपेच वापरलेली आहेत. पुढे हजारो वर्षांनंतर हीच व्याकरणाची खूण तिच्या कामी यावयाची होती.

मंदिराच्या उभारणीला सुमारे पंधरा वर्षे लागली. राणीचा विश्वासू कारभारी सेनेनमुत याचा या कामाशी निकटचा संबंध होता. मंदिराचे मूळ नाव जेसेर-जेसेरू, म्हणजे पवित्रांतील पवित्र. त्याच्या शेजारीच मेन्तुहोतेप नावाच्या राजाचे पाचशेहून अधिक वर्षे जुने सज्जेवजा मंदिर होते. त्याचा नमुना समोर ठेवून नव्या मंदिराच्या रचनाकारांनी त्याहून कितीतरी भव्य कल्पना साकारली. मधोमध चढत जाणारा उतार, दोन्ही अंगांना खांबांच्या ओळी आणि शेवटी कड्याच्या पोटात कोरलेले आमून-रे या देवतेचे गर्भगृह, अशी ती मांडणी आहे. हाथोर व अनुबिस या देवतांची स्वतंत्र देवालये, सूर्यपूजेचे उघडे अंगण, राणी आणि तिचा पिता यांच्या स्मरणार्थ केलेली दालनेही तेथे आहेत. वर्षातून एकदा कर्नाकच्या मंदिरातून आमून देवाची मूर्ती नौकेत बसवून नदीपार आणली जाई आणि मोठा उत्सव होई.

भिंतीवरचे व्यापारी दप्तर

या मंदिरातील सर्वांत प्रसिद्ध शिल्पपट दुसऱ्या सज्ज्याच्या दक्षिण बाजूस आहे. राणीच्या नवव्या राज्यवर्षी पुंत नावाच्या दूरदेशी गेलेल्या व्यापारी मोहिमेचा वृत्तांत तेथे चित्ररूपाने कोरला आहे. तांबड्या समुद्रातून पाच गलबते निघाली. पुंतमध्ये पाण्याच्या काठी खांबांवर उभारलेली गोलाकार घरे होती. शिडीवरून त्यांत चढावे लागे. तेथील प्रमुख परेहू आणि त्याची स्थूलदेही पत्नी आती यांनी पाहुण्यांचे स्वागत केले. परतीच्या वेळी गलबतांत सुगंधी डिंकाच्या राशी, शिसवी लाकूड, हस्तिदंत, सोने, चित्त्याची कातडी आणि जिवंत माकडे भरली गेली. सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे धूपाची ३१ झाडे मुळांसकट टोपल्यांत घालून आणली गेली. काठीला टोपली बांधून ती वाहून नेणारी माणसे आजही भिंतीवर दिसतात. पाण्यातले मासेही कलावंताने इतके बारकाईने कोरले आहेत की त्यांतील अनेकांची जात अभ्यासकांना ओळखता आली.

व्यापारउदीम करणाऱ्या वाचकाला यापुढील दृश्य विशेष भावेल. माल राजधानीत पोहोचल्यावर सुगंधी डिंकाच्या राशी मापाने मोजल्या जात आहेत, मौल्यवान धातू तराजूत तोलला जात आहे आणि लेखनाची देवता थोथ स्वतः हिशेब टिपून घेत आहे, असे तेथे दाखविले आहे. मोहिमेचा मोठेपणा केवळ शब्दांनी न सांगता मोजमापासह नोंदवून ठेवण्याची ही वृत्ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहे.

पुंत देश नेमका कोठे, हा वाद दीर्घकाळ चालला. आज बहुतेक अभ्यासक तो तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडील आफ्रिकी किनाऱ्याच्या परिसरात, म्हणजे इरिट्रिया, इथिओपिया, सोमालिया या बाजूस असावा असे मानतात. इजिप्तमध्ये सापडलेल्या माकडांच्या ममींचे रासायनिक परीक्षण करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानेही याच प्रदेशाकडे बोट दाखविले आहे.

छिन्नीचे घाव

राणीच्या निधनानंतर तिसरा थुतमोस एकटा सत्ताधीश झाला. त्याच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात, म्हणजे राणी जाऊन वीस वर्षे उलटल्यावर, तिचे नाव व तिच्या प्रतिमा पद्धतशीरपणे पुसून टाकण्याचे काम सुरू झाले. भिंतींवरील तिच्या आकृती छिन्नीने खरवडल्या गेल्या. तिच्या नावाच्या जागी तिच्या पित्याचे किंवा पतीचे नाव घातले गेले. मंदिरातील तिच्या असंख्य मूर्ती काढून जवळच्या खाणीत व खड्ड्यांत टाकल्या गेल्या. राजांच्या नंतरच्या याद्यांतही तिला स्थान मिळाले नाही.

पूर्वी याचे कारण सावत्र पुत्राचा द्वेष असे सांगितले जाई. परंतु द्वेष असता तर तो वीस वर्षे कशाला थांबता? स्वतःच्या पुत्राचा वारसाहक्क निर्विवाद व्हावा म्हणून त्याने हे केले असावे, असे मत पुढे मांडले गेले. २०२५ साली जुन यी वाँग या अभ्यासकाने जुन्या उत्खननाच्या नोंदी व छायाचित्रे तपासून आणखी एक गोष्ट पुढे आणली. अनेक मूर्ती मान, कंबर आणि गुडघे अशा ठराविक ठिकाणीच मोडलेल्या होत्या. मूर्तीतील शक्ती काढून घेण्याचा तो रूढ विधी होता आणि इतर राजांच्या मूर्तींच्या बाबतीतही तो होत असे. शिवाय पुढच्या काळातील लोकांनी दगडांसाठी केलेली मोडतोड वेगळीच. सगळाच विध्वंस सूडाने झाला असे म्हणता येत नाही.

मंदिरावरील संकटे तेवढ्यावर संपली नाहीत. पुढे अखेनातेन या राजाने आमून देवाची पूजा बंद पाडली आणि त्याच्या आकृती खरवडून काढल्या. दुसऱ्या रामसेस राजाच्या काळात त्या पुन्हा कोरल्या गेल्या. म्हणजे या मंदिराचा पहिला जीर्णोद्धार फेरोंच्या काळातच झाला होता! ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या अमदानीत गर्भगृहाच्या आतल्या भागात इम्होतेप आणि हापूपुत्र आमेनहोतेप या दोन ज्ञानी पुरुषांची पूजा होऊ लागली. आजारी माणसे तेथे बरे होण्याच्या आशेने येत. इ.स. सहाव्या शतकाच्या सुमारास वरच्या सज्ज्यावर ख्रिस्ती साधूंचा मठ उभा राहिला. देर अल-बहरी म्हणजे उत्तरेकडील मठ. मठ ओस पडला, कड्यावरून दगड कोसळत राहिले, वाळू साठत गेली आणि राणीचे मंदिर दिसेनासे झाले.

दाढीधारी राजा आणि स्त्रीलिंगी क्रियापदे

इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे सोडविणारा फ्रेंच पंडित शांपोल्यों १८२९ साली येथे आला. भिंतीवर दाढी असलेला राजा दिसत होता, पण त्याच्याविषयीच्या मजकुरात नामे आणि क्रियापदे स्त्रीलिंगी होती. हा प्रकार पाहून तो चक्रावला. छिन्नी चालविणाऱ्यांनी नावे पुसली, आकृती पुसल्या, परंतु व्याकरणाचे बारीक प्रत्यय अनेक जागी तसेच राहून गेले होते. त्या एवढ्याशा दुव्यावरून पुढच्या पिढीतील अभ्यासकांनी विस्मृतीत गेलेल्या राणीचा माग काढला.

त्यानंतर मारिएत या फ्रेंच संशोधकाने मंदिराचा काही भाग मोकळा केला आणि पुंतचा शिल्पपट प्रकाशात आला. उघड्यावर येताच त्याला चोरांचाही उपसर्ग झाला. आतीचे चित्र असलेला दगड भिंतीतून निखळवून पळविण्यात आला. पुढे तो कैरोच्या संग्रहालयात पोहोचला आणि भिंतीत त्याच्या जागी प्रतिकृती बसवावी लागली.

पद्धतशीर उत्खनन मात्र १८९३ साली सुरू झाले. स्विस विद्वान एदुआर नाव्हिल यांनी इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड या ब्रिटिश संस्थेच्या वतीने सारे मंदिर मोकळे केले. भिंतींवरील चित्रांच्या नकला करण्यासाठी त्यांच्या हाताखाली हॉवर्ड कार्टर नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण चित्रकार होता. याच कार्टरने १९२२ साली तुतनखामेनची कबर शोधून जगभर कीर्ती मिळविली. परंतु देर अल-बहरीच्या भिंतींसमोर बसून त्याने काढलेली रेखाचित्रे, जी नाव्हिल यांच्या मोठ्या खंडांत छापली गेली, तीही त्याच्या आयुष्यातील मोलाची कामगिरी आहे. त्यांतील काही शिल्पे नंतर झिजली, तेव्हा अभ्यासकांना या रेखाचित्रांचाच आधार उरला.

परंतु या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फेरोकालीन मंदिर दिसावे म्हणून एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मठाच्या विटांचे अवशेष पाडण्यात आले. त्यांची पुरेशी नोंदही ठेवली गेली नाही. एका काळाचा जीर्णोद्धार करताना दुसऱ्या काळाचा इतिहास कायमचा गेला. आजचे अभ्यासक जुन्या छायाचित्रांवरून आणि मठवासीयांनी खापरांवर व पपायरसवर लिहिलेल्या मजकुरावरून त्या मठाचे चित्र जुळवीत आहेत.

मस्तक एकीकडे, धड दुसरीकडे

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या वतीने हर्बर्ट विनलॉक यांनी १९११ पासून सुमारे दोन दशके या परिसरात उत्खनन केले. १९२० च्या दशकात त्यांना खाणीत व खड्ड्यांत टाकलेल्या मूर्तींचे हजारो तुकडे सापडले. ते जुळविण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. राणीची एक बैठी मूर्ती यांपैकीच. तिचे मस्तक विनलॉक यांच्या पथकाला सापडले, पण धड १८४५ साली लेप्सियस या जर्मन संशोधकाबरोबर बर्लिनला गेले होते. अखेरीस दोन्ही संग्रहालयांनी देवाणघेवाण केली आणि मूर्ती एकसंध झाली. आज ती न्यूयॉर्कमध्ये आहे. चेहरा स्त्रीचा, अंगावरील चिन्हे राजाची, अशी ती मूर्ती पाहणारा क्षणभर थबकतो.

याच काळात इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याच्या वतीने एमिल बारेझ यांनी खांब आणि भिंती पुन्हा उभारण्याचे काम केले. त्यांच्या प्रयत्नांमुळे मंदिराला रूप आले. मात्र त्या काळच्या पद्धतीनुसार काही दगड केवळ अंदाजाने बसविले गेले. ते आपल्या जागी नाहीत, हे पुढे ध्यानात आले.

पोलंडच्या पथकाची साधना

१९६१ साली या कथेला नवे वळण लागले. इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याच्या निमंत्रणावरून पोलंडचे नामवंत पुरातत्त्वज्ञ काझिमिएझ मिखाउओव्स्की यांनी हे काम हाती घेतले. दोन वर्षांपूर्वीच, १९५९ साली, त्यांनी कैरोत पोलिश संशोधन केंद्र स्थापन केले होते. कामाला प्रारंभ होताच अनपेक्षित लाभ झाला. हत्शेपसुत आणि मेन्तुहोतेप यांच्या मंदिरांच्या मधोमध, ढिगाऱ्याखाली, तिसऱ्या थुतमोसचे एक अज्ञात मंदिर १९६२ साली हाती लागले. ज्याने राणीचे नाव पुसले त्याचेच मंदिर तिच्या शेजारी गाडले गेलेले होते! कडा कोसळून ते प्राचीन काळीच जमीनदोस्त झाले आणि ढिगाऱ्याखाली झाकले गेल्यामुळे त्याच्या तुकड्यांवरील रंग आश्चर्यकारकरीत्या ताजे राहिले. यादविगा लिपिन्स्का या विदुषीने त्याच्या अभ्यासाला दीर्घकाळ वाहून घेतले.

मुख्य मंदिराच्या वरच्या सज्ज्याचे काम फार अवघड होते. पहिली चिंता मागच्या कड्याची. वरून दरड कोसळली तर सारे श्रम व्यर्थ जाणार. म्हणून कड्याची पाहणी करून सैल शिळांचा बंदोबस्त करण्यात आला आणि मंदिरामागे संरक्षक बांधकाम उभे राहिले. दुसरे काम तुकड्यांचे. आवारात आणि कोठारांत पडलेल्या हजारो दगडांपैकी प्रत्येकाला क्रमांक देऊन त्याचे रेखाटन केले गेले. एखाद्या दगडावर पंखाचे टोक, दुसऱ्यावर अर्धे अक्षर. कोणते अक्षर कोणत्या ओळीत बसते, दगडाची जाडी आणि सांधा कोठे जुळतो, हे पाहून तो आपल्या मूळ जागी न्यावयाचा, ही त्यांची रीत. जेथे मूळ दगड मिळाला नाही तेथे नवा घातला, पण तो नवा आहे हे ओळखू येईल असाच ठेवला. जे माहीत नाही ते कोरावयाचे नाही, हा दंडक त्यांनी पाळला. बारेझ यांच्या काळी चुकीच्या जागी गेलेले दगडही पुराव्याने तपासून योग्य जागी आणले गेले.

या चिकाटीचे फळ सावकाश मिळाले. ज्यांनी काम सुरू केले त्यांपैकी अनेकांना ते पूर्ण झालेले पाहता आले नाही. मिखाउओव्स्की १९८१ साली निवर्तले. त्याच्या आधी, १९७९ साली, प्राचीन थीब्जच्या साऱ्या परिसराला युनेस्कोने जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली होती. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी तर या मंदिराच्या सज्ज्यांवर दहशतवाद्यांनी ६२ निरपराध माणसांचे प्राण घेतले. ज्या वास्तूने इतके आघात सोसले, तिच्या इतिहासात हे काळे पान याच काळात जोडले गेले.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी, झ्बिग्न्येव शाफ्रान्स्की पथकप्रमुख असताना, वरचा सज्जा अभ्यागतांना खुला झाला. सूर्यपूजेचे अंगण २०१५ साली आणि आमून-रे देवतेचे गर्भगृह २०१७ साली लोकांना पाहावयास मिळाले. काजळी आणि धुळीचे थर अलगद काढल्यावर निळे, पिवळे, तांबडे रंग पुन्हा उजळले.

गुरू आणि शिकाऊ कारागीर

जीर्णोद्धारासोबत अभ्यास चालू असेल तर काय हाती लागते, याचे एक सुंदर उदाहरण आहे. राणीच्या स्मरणार्थ असलेल्या दालनाच्या दोन समोरासमोरील भिंती प्रत्येकी सुमारे तेरा मीटर लांब आहेत. त्यांवर राणीला नैवेद्य घेऊन येणाऱ्या सुमारे दोनशे आकृती आहेत. अनास्तासिया स्तुप्को-लुबचिन्स्का या पोलिश संशोधिकेने सहकाऱ्यांसह २००६ पासून कित्येक हंगाम या भिंतींच्या पूर्ण आकाराच्या नकला केल्या. नकला करता करता छिन्नीचा प्रत्येक घाव नजरेखालून गेला आणि कोरणारे हात निरनिराळे आहेत हे दिसू लागले.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात कामाचा क्रम उलगडून दाखविला आहे. प्रथम भिंत घासून सपाट करावयाची, खड्डे गिलाव्याने बुजवावयाचे, मग चौकटी आखून तांबड्या रंगाने आकृती काढावयाची. त्यावर जाणत्याने काळ्या रंगाने दुरुस्ती करावयाची आणि शेवटी छिन्नी चालवावयाची. पाय, हात, धड अशी सोपी कामे शिकाऊ हातांना दिली जात आणि चेहरे निष्णात कारागीर कोरीत. केसांच्या बारीक कुरळ्या बटा हे तर शिकण्याचे उत्तम साधन. काही ठिकाणी गुरूचा सफाईदार हात आणि शिष्याचा अडखळणारा हात एकाच आकृतीत शेजारी शेजारी दिसतात. म्हणजे राजाचे मंदिर हीच कारागिरांची पाठशाळा होती. त्या शिष्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांची ओळख त्यांच्या घावांतच उरली आहे.

सामान्य भाविकांच्या खुणाही अशाच बोलक्या आहेत. हाथोर देवीला लोक मातीच्या लहान मूर्ती, मणी आणि तागाच्या कापडावर रंगविलेली चित्रे अर्पण करीत. उत्खननात अशी कापडे या परिसरात मिळाली आहेत. कोणा गृहिणीने किंवा विणकऱ्याने श्रद्धेने वाहिलेला कापडाचा तो तुकडा इतकी शतके टिकला आणि राजाच्या मूर्ती मात्र खाणीत पडल्या!

अजून शिल्लक असलेले काम

मंदिराचे काम संपले असे आजही म्हणता येत नाही. येथून नदीच्या दिशेने जाणाऱ्या मार्गाच्या शेवटी राणीचे आणखी एक मंदिर होते. २०२५ च्या जानेवारीत त्याच्या पायाचा भाग आणि १,५०० हून अधिक रंगीत व कोरीव दगड सापडल्याचे इजिप्तचे ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी जाहीर केले. त्या दगडांना क्रमांक देऊन, नोंदवून, जुळवून पाहण्यात आणखी एक पिढी खर्ची पडेल.

या दोनशे वर्षांच्या उद्योगाकडे पाहताना काही गोष्टी स्पष्ट होतात. मंदिर उकरण्याची घाई झाली तेथे मठ गेला. अंदाजाने बांधण्याची घाई झाली तेथे दगड चुकीच्या जागी बसले. ज्यांनी नोंद, मोजमाप आणि संयम यांची कास धरली त्यांच्या हातून मात्र वास्तूही उभी राहिली आणि तिचा इतिहासही. त्यांनी राणीच्या खरवडलेल्या आकृती पुन्हा कोरल्या नाहीत. छिन्नीचे घाव तसेच ठेवले, कारण ते घावही इतिहासाचाच भाग आहेत. त्या घावांभोवती उरलेली बाह्यरेषा नीट पाहिली म्हणजे हत्शेपसुत तेथे उभी असलेली आजही ओळखू येते.